सेंट अँड्र्यूज, धर्मादाय पाटी आणि तुमचा राग

‘एक पुणेकर’ यांस,

नमस्कार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फ मैदानांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते दोन ओळींत उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. एका फेरीचे पस्तीस-चाळीस हजार रुपये घेणारी संस्था स्वतःला धर्मादाय म्हणवते, हे ढोंग आहे. मैदानं चालवणारा ट्रस्ट ही नुसती आड भिंत, खरे मालक पहिल्या टीमागच्या (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) दगडी इमारतीतले क्लबवाले. जागा गावाची आहे तर नगरपालिकेने चालवावी. आणि शेवटचा टोला असा: “आपल्याकडची धर्मादाय रुग्णालयं पाहिली आहेत, त्यामुळे पाटी बघून मी भुलत नाही.” जाता जाता एडिनबर्गला असलेल्या भाच्याबद्दलही विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

रुग्णालयांवरून बसलेला अविश्वास मला मान्य आहे. उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. प्रत्यक्षात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला हातात धरून खिडकीशी उभं राहिल्यावर काय ऐकायला मिळतं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ‘धर्मादाय’ म्हटलं की आधी संशयच येणार. पण रुग्णालयाचं आणि गोल्फच्या मैदानाचं माप एक नाही. गोल्फ खेळला नाही म्हणून कोणाचा जीव जात नाही. तिथे प्रश्न उपचाराचा नसून जमिनीचा आहे. समुद्रकाठची मोक्याची मोकळी जागा कोणाच्या ताब्यात राहणार, तिचे पैसे कोण खाणार आणि ती कोणाला विकता येणार, हे विचारायला हवं. सेंट अँड्र्यूजची सगळी गोष्ट या प्रश्नांभोवती फिरते आणि ती चांगली साडेचारशे वर्षांहून जुनी आहे.

१५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन याने गावाशी करार केला. त्या वाळूच्या गवताळ पट्ट्यावर, ज्याला तिकडे लिंक्स म्हणतात, ससे पाळायची मुभा त्याला मिळाली आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी असे खेळ तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क लेखी मान्य झाला. म्हणजे गावाचा हक्क कागदावर होता, शिक्क्यासकट होता. तरी १७९७ मध्ये गाव कर्जात बुडालं आणि तुमच्या लाडक्या नगरपालिकेनेच हा पट्टा हातचा घालवला. तो सशांचा धंदा करणाऱ्यांकडे गेला. मैदानभर बिळं झाली, गोल्फवाले आणि ससेवाले कोर्टात गेले आणि वर्षानुवर्षं भांडत राहिले. १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने जागा विकत घेतली तेव्हा ससे हटले. तो स्वतः गोल्फ खेळायचा, हे गावाचं नशीब! पण जागा तर एका माणसाच्या मालकीची झालीच. ती परत गावाकडे यायला १८९४ चा संसदेचा कायदा लागला.

त्या कायद्यातली वाटणी बघण्यासारखी आहे. जमीन गावाची. देखभालीचा खर्च आर अँड ए, म्हणजे ‘रॉयल अँड एन्शंट’ या तिथल्या गोल्फ क्लबचा, शिवाय दुसरं मैदानही क्लबनेच बांधून द्यायचं. ते १८९५ मध्ये तयार झालं आणि आज सव्वाशे वर्षं उलटून गेल्यावरही त्याचं नाव न्यू कोर्सच आहे. बदल्यात क्लबच्या सभासदांना खेळायच्या वेळांत काही राखीव हक्क मिळाले. गावकऱ्यांना खेळ फुकट. पाहुण्यांकडून ओल्ड कोर्सवर, म्हणजे मूळच्या जुन्या मैदानावर, पैसे घ्यायला १९१३ मध्ये सुरुवात झाली, गावकऱ्यांना फुकट खेळणं १९४६ पर्यंत चाललं.

आता तुमचा दुसरा मुद्दा, ती दगडी इमारत. टीव्हीवर ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा बघताना पहिल्या टीच्या मागे जी दिसते ती आर अँड ए क्लबची, १८५४ सालची. जगातले निम्मे लोक समजतात की मैदान तिचं. तसं नाही. गावात आणखीही क्लब आहेत, सेंट अँड्र्यूज गोल्फ क्लब १८४३ चा, न्यू गोल्फ क्लब १९०२ चा, बायकांचे वेगळे. त्यांतल्या एकाकडेही स्वतःचं मैदान नाही. सगळे त्याच सार्वजनिक गवतावर खेळतात. मैदानं एकूण सात: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, नऊ होल्सचं बालगोव्ह आणि २००८ मध्ये सुरू झालेलं कासल, जे गावाबाहेर कड्यावर आहे.

पण ‘तळं राखील तो पाणी चाखील’ हे तुम्ही लिहिलंत, त्यात तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. ट्रस्टवर आठ विश्वस्त असतात. तीन आर अँड ए क्लबचे, तीन फाइफ कौन्सिलचे (म्हणजे त्या भागाच्या स्थानिक संस्थेचे), एक स्कॉटिश सरकारने नेमलेला आणि एक त्या भागाचा खासदार, तो पदसिद्ध. रोजचा कारभार पाहणाऱ्या समितीतही निम्मे क्लबचे, निम्मे कौन्सिलचे. गावात राहणाऱ्या, खेळणाऱ्या किंवा न खेळणाऱ्या साध्या माणसाने थेट मत देऊन निवडलेला विश्वस्त एकही नाही. खासदार आणि नगरसेवक निवडून येतात हे खरं, पण गोल्फच्या वेळापत्रकावरून कोणी त्यांना मत देत नाही. मला विचाराल तर या रचनेतला खरा उणा भाग हा आहे. दर नव्हे.

दराबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायलाच हवा. हंगामात ओल्ड कोर्सच्या एका फेरीला पाहुण्याला तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. महाग आहेच. पण हा दर एका मैदानाचा, पाहुण्यासाठीचा आणि ऐन हंगामातला. गावचा रहिवासी वर्षाचा पास काढतो आणि त्यावर वर्षभर खेळतो. न्यू, ज्युबिली, ईडन यांचे दर ओल्डपेक्षा बरेच खाली आहेत आणि बालगोव्ह तर मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठीच आहे. म्हणजे हौशी अमेरिकन पाहुणा आयुष्यात एकदा येऊन जे पैसे टाकतो, त्यातून गावच्या शाळकरी पोराचं नऊ होल्सचं गवत कापलं जातं. मला यात ढोंग दिसत नाही. उलट पाहुण्याला ओल्ड कोर्स स्वस्तात द्यायचा म्हटलं तर तोटा कोणी भरायचा? गावाने?

पैसे उरले तर ते जातात कुठे, हाही तुमचा प्रश्न. भागधारक नाहीत, त्यामुळे लाभांश नाही. दुकानं आणि टोप्या-टीशर्ट विकणारी कंपनी ट्रस्टच्याच मालकीची आहे, तिचा नफा ट्रस्टकडे येतो. पुढे मैदानं, कामगार, यंत्रं आणि समुद्र. हो, समुद्र. ज्युबिलीच्या बाजूने ईडन नदीची खाडी किनारा खात चालली आहे आणि वेस्ट सँड्स या चौपाटीच्या वाळूच्या टेकड्या वादळात फुटतात. तिथे वाळू भरायची, गवत लावायचं, पुन्हा फुटली की पुन्हा भरायची. खासगी मालकाने हा खर्च किती वर्षं केला असता कोण जाणे.

स्कॉटलंडच्या कायद्यात तुमच्या शंकेला जागाही ठेवलेली आहे. २००५ च्या धर्मादाय कायद्यानुसार संस्थेकडून लोकांचं हित होतंय का हे तपासताना, तिची फी किंवा अटी लोकांना अवाजवी अडवणाऱ्या आहेत का, हेही बघावं लागतं. म्हणजे ‘आम्ही धर्मादाय आहोत, दर काय वाटेल तो लावू’ असं म्हणायची सोय नाही. आपल्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली हा प्रश्न सगळ्याच संस्थांना इतक्या सरळ विचारला गेला असता, तर बऱ्याच वार्षिक सभा रंगल्या असत्या.

आणि तिथे न खेळणाऱ्याचं काय? हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. १९७४ च्या कायद्याने ट्रस्टवर टाकलेलं काम लिंक्स सार्वजनिक उद्यान म्हणून, गावकऱ्यांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी राखण्याचं आहे. त्याचा अर्थ ओल्ड कोर्सवर उभं राहिलं की कळतो. पहिल्या आणि अठराव्या होलच्या गवतावरून आडवा एक डांबरी रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. सार्वजनिक रस्ता. समुद्रावर निघालेली आई बाबागाडी ढकलत त्यावरून जाते, मागून कुत्रा, त्याच्या मागे बादली-फावडं घेतलेलं पोर. आणि तीनशे पौंड भरून आलेला माणूस काठी हातात धरून ती पलीकडे जाईपर्यंत मुकाट उभा! चेंडू त्या डांबरावर पडला तर तिथूनच खेळायचा. रविवारी तर ओल्ड कोर्सवर गोल्फच बंद. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर एरवी त्या दिवशी लोक त्यावर फिरायला येतात, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, कडेला बसून सँडविच खातात. एवढ्या मागणीच्या मैदानाला आठवड्यातला एक दिवस बंद ठेवणारा धंदेवाईक मालक मला दाखवा.

हिवाळ्यात तर आणखी गंमत. त्या महिन्यांत फेअरवेवरून, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवतावरून, मारताना प्रत्येकाने हिरव्या कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर बाळगायचा, चेंडू त्यावर ठेवायचा आणि मग मारायचा. का, तर थंडीत उखडलेलं गवत लवकर भरून येत नाही. कितीही मोठा खेळाडू असो, सतरंजी काखेत मारून हिंडतो.

आता नगरपालिका. १७९७ चं सांगितलंच. पण १९७४ चं त्याहून मोलाचं आहे. तेव्हा स्कॉटलंडमध्ये स्थानिक संस्थांची फेररचना ठरली होती आणि सेंट अँड्र्यूजची स्वतःची नगरपालिका १९७५ मध्ये बरखास्त होऊन कारभार कुपर या दुसऱ्या गावाहून चालणाऱ्या जिल्हा कौन्सिलकडे जाणार होता. लिंक्सही त्यांच्याबरोबर जाणार, मग उद्या तिथल्या लोकांनी काय ठरवलं तर? म्हणून मावळत्या नगरपालिकेनेच संसदेकडून कायदा करून घेतला आणि कारभार ट्रस्टकडे सोपवला. ट्रस्ट म्हणजे क्लबवाल्यांनी शोधलेली पळवाट, असं तुम्ही लिहिलंत, पण ती बांधली गावाने आणि ती सुद्धा सरकारपासून बचाव म्हणून. पुढे १९९६ मध्ये ते जिल्हा कौन्सिलही गेलं आणि फाइफ कौन्सिल आलं. वीस-बावीस वर्षांत जमिनीची मालकी पाळण्यातल्या बाळासारखी या हातातून त्या हातात गेली. कारभार मात्र जिथल्या तिथे राहिला.

ट्रस्टवाले चुकतच नाहीत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी अठराव्या होलवरच्या स्विल्कन पुलाच्या पायथ्याशी फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी गवत मरतं म्हणून दगडी फरशी बसवली. शेकडो वर्षं जुन्या पुलाला एखाद्या बंगल्याच्या अंगणासारखा चौथरा! जगभरातून इतकी टिंगल आणि शिव्या झाल्या की काही दिवसांतच फरशी उखडून पुन्हा हिरवळ घातली. लोकांचा धाक कुठून येतो याचं उत्तर इथे थोडं मिळतं. विश्वस्त निवडता येत नसले तरी जागा आपली आहे हे तिथल्या माणसाच्या अंगात मुरलंय.

तुम्ही महालक्ष्मीचं उदाहरण दिलंत. रेसकोर्सच्या जमिनीचा करार २०१३ मध्ये संपला आणि नंतर दहा वर्षं ती लटकत राहिली. २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी वेगळी काढली, ९१ एकर क्लबकडे तीस वर्षांच्या भाड्याने राहिली. तुम्ही म्हणता तसं ‘बघा, सार्वजनिक जमिनीवर क्लब बसला की असं होतं’ हे खरं. पण उपाय म्हणून तुम्ही पुन्हा महापालिकेचंच नाव घेता. सेंट अँड्र्यूजने महापालिका आणि क्लब दोघांना एकाच टेबलाशी बसवलं आणि दोघांच्याही हाताला कायद्याची गाठ मारली. त्या १२० एकरांसाठी असा कायदा कोणी मागितल्याचं मला तरी दिसलेलं नाही. सगळी चर्चा खाली वाहनतळ किती मजली यावर.

राहिला भाचा. साहेबांसाठीच आहे का, असं तुम्ही विचारलंत. नाही. त्याच्याकडे हँडिकॅपचं, म्हणजे खेळाची पातळी सांगणारं, प्रमाणपत्र असेल आणि जोडीला एक तरी खेळणारा असेल, तर ओल्ड कोर्सच्या सोडतीत दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाल कळतो. एकटा असेल तर पूर्वी रात्रभर पॅव्हिलियनच्या दारात रांग लावायला लागायची. २०२४ पासून एकट्यांची वेगळी रोजची सोडत आहे, त्यासाठी आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. रविवार टाळायचा, हे वर आलंच. हँडिकॅप नसेल तर सरळ बालगोव्ह गाठायचं, किंवा पटिंगच्या (चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायच्या) हिमालयाज नावाच्या उंचसखल हिरवळीवर थोडक्या पैशांत तासभर काढायचा. ती १८६७ पासून बायकांचा क्लब चालवतो. आणि त्याला सांगा, सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही. एडिनबर्गहून गाडीने लूकर्सला उतरायचं आणि बाहेरून बस घ्यायची.