'गेम' लिहिलंय म्हणून ते खेळणं होत नाही, पुस्तकच आहे ते!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, घ्या. २०२४ची आवृत्ती, ३८४ पानं, जाड पुठ्ठ्याची बांधणी, अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर. आत नियम, तक्ते आणि चित्रं. फासे नाहीत, सोंगट्या नाहीत, बॅटरी नाही. शाळेतलं पोरगंसुद्धा हातात घेऊन सांगेल की हे पुस्तक आहे. आणि हेच पुस्तक अमेरिकेतून मागवलं आणि पार्सल मुंबईला उतरलं की बिलावर असे आकडे पडतात की डोक्यात तिडीक जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

बरं, कायदा पुस्तकांच्या जिवावर उठलाय का? अजिबात नाही. छापील पुस्तकाचा कस्टम्स कोड ४९०१. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पापर्यंत त्यावर बेसिक ड्युटी (मूळ आयात शुल्क) शून्य होती, तेव्हा ती ५ टक्के केली. पुस्तकांवर कर लावणं हेच मुळात चीड आणणारं आहे, पण ते क्षणभर बाजूला ठेवू. ५ टक्क्यांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण साडेपाच. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, शून्य.

आता हिशोब करा. डॉलर ८५ रुपये धरला तर पुस्तक ४,२५० रुपयांचं. कुरिअरचे ४५ डॉलर, म्हणजे ३,८२५ रुपये. ड्युटी किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण २००७च्या मूल्यांकन नियमांतल्या दहाव्या नियमात एक ओळ आहे, ती कोणी सांगत नाही: माल विमानाने आला असेल तर ड्युटीसाठी भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे ३,८२५ नाही, ८५० रुपये. विम्याचा आकडा बिलावर नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे ४८. बेरीज ५,१४८, आणि त्यावर साडेपाच टक्के म्हणजे २८३ रुपये.

दोनशे त्र्याऐंशी! हा खरा आकडा. मग लोकांना हजारांत बिलं का येतात? कारण कोड बदलतो. पार्सल ९८०४ खाली, म्हणजे 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' म्हणून टाकलं जातं. या शीर्षकावर कित्येक वर्षं ३५ टक्के बेसिक, त्यावर अधिभार आणि वर २८ टक्के आयजीएसटी होता, एकूण ७७.२८ टक्के. तो पूर्ण भाड्यासकट लावला की याच पुस्तकावर ६,२७७ रुपये. पुस्तकाच्या किमतीपेक्षा ड्युटी मोठी! पुढे ३५चे २० झाले, आणि २०२६च्या अर्थसंकल्पात या शीर्षकाचा बेसिक दर २० वरून १० टक्क्यांवर आणला, चांगलंच झालं. पण पुस्तकाला स्वतःचा कोड असताना ते 'इतर सटरफटर'मध्ये का जावं?

त्याहून वाईट गत 'गेम' या शब्दाने होते. दुकानदार इनव्हॉइसवर 'रोलप्लेइंग गेम' लिहून मोकळा होतो आणि इथे कोणीतरी तेवढाच शब्द वाचतो. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२०मध्ये २० वरून ६० टक्के केली आणि २०२३मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं. चौदा वर्षांखालच्या मुलांनी रबरी बदक चावलं तर काय, यासाठी केलेला तो नियम. तो नियमांच्या पुस्तकाला लावून पार्सल अडकवायचं? पेटी उघडून एक पान उलटायचे कष्टसुद्धा कोणी घेऊ नयेत?

म्हणून पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला ईमेल करा. इनव्हॉइसवर आणि टपालाने येत असेल तर सीएन २२ किंवा सीएन २३ या कस्टम्सच्या फॉर्मवर वर्णन एवढंच हवं: प्रिंटेड बुक, एचएस कोड ४९०१.९९, पुस्तकाचा तेरा आकडी क्रमांक म्हणजे आयएसबीएन, प्रती किती, खरी किंमत. 'गेम', 'टॉय', 'हॉबी प्रॉडक्ट' यातलं काहीही नको. 'गिफ्ट' तर मुळीच नको. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९मध्येच बंद झाली, राखी आणि जीवरक्षक औषधं वगळून. आणि दहा डॉलर किंमत लिहा असं विक्रेत्याला सुचवणारे जे महाभाग आहेत ना, त्यांनी ऐकावं: पार्सल हरवलं तर भरपाईही दहाच डॉलरची मिळेल, आणि खोटं वर्णन सापडलं तर दंड वेगळा.

कुरिअरचा केवायसीचा (ओळखीच्या कागदपत्रांचा) मेसेज आला की त्याच दिवशी कागद पाठवा आणि त्याच उत्तरात लिहून टाका की माल छापील पुस्तक आहे, ४९०१ लावा, सोबत इनव्हॉइस आणि पुस्तकाच्या पानाची लिंक. कारण एकदा बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडचं आयातीचं विवरणपत्र, भरलं गेलं की आपण संपलो. दारात माणूस उभा असतो, ड्युटी द्या नाहीतर पार्सल परत. पैसे द्यावेच लागतात. त्यावर 'ड्युटी आम्ही आधी भरली' म्हणून कुरिअरचं वेगळं शुल्क, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी! नंतर अपील करता येतं, ६० दिवसांत, आयुक्तांकडे (अपील्स). एका पुस्तकासाठी कोण वकील लावणार? हे त्यांनाही माहीत आहे. तरीही कुरिअरकडून बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागाच, आणि सीटीएचच्या, म्हणजे कस्टम्स कोडच्या, रकान्यातले पहिले चार आकडे बघा. ४९०१ नसेल तर चूक तिथेच सापडली.

भाड्याचं दुखणं वेगळं. एक हार्डबाउंड सव्वा किलोच्या आसपास भरतं, पण कुरिअर नुसतं वजन बघत नाही, खोकाही बघतो, आणि जे जास्त भरेल त्याचं भाडं लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ४० × ३० × १५चा खोका म्हणजे ३.६ किलोचं भाडं. तेच पुस्तक ३२ × २५ × ८च्या खोक्यात १.२८ किलो. आतली हवा विमानाने आणायचे पैसे आपण का द्यायचे? आणि एवढ्या मोठ्या खोक्यात पुस्तक मोकळं हिंदकळतं, कोपरे चेपतात, ते वेगळंच. ऑर्डरच्या शेऱ्यात घट्ट पुठ्ठ्याचं वेष्टण मागा. दोन-तीन पुस्तकं एकत्र मागवा, पुढच्या प्रत्येक पुस्तकाचं भाडं पहिल्याइतकं वाढत नाही.

बुक डिपॉझिटरी ही पुस्तकांची ऑनलाइन विक्री करणारी कंपनी होती तेव्हा यातलं काही करावं लागत नव्हतं. जगभर मोफत पोच, भारतातही. २६ एप्रिल २०२३ला ती बंद केली आणि तिची जागा घेणारं आजपर्यंत कोणी आलेलं नाही. तो राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

किकस्टार्टरवाल्यांचा, म्हणजे छापण्याआधीच लोकांकडून ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्यांचा, तर निषेधच करायला हवा. मोहिमेच्या पानावर 'युरोप फ्रेंडली', 'ऑस्ट्रेलिया फ्रेंडली' (तिथल्यांना ड्युटीची कटकट नाही) असे झेंडे, आणि आपण 'रेस्ट ऑफ वर्ल्ड'मध्ये. प्लेजचे, म्हणजे आगाऊ वर्गणीचे, पैसे घेताना भाडं सांगत नाहीत. वर्षभराने प्लेज मॅनेजर (पत्ता आणि भाडं भरायचं पान) उघडतो आणि तिथे पुस्तकाइतकंच भाडं. तोवर पैसे अडकलेले. भाड्याचा अंदाज आधी छापलेला नसेल तर पैसे टाकूच नका. टाकायचेच तर फक्त पीडीएफची पायरी घ्या.

इथल्या ऑनलाइन बाजारात दुप्पट भावाने विकणारे आहेतच. त्याहून घातक म्हणजे नकली छपाई. चित्रं धूसर, काळं अक्षर रंगीत ठिपक्यांचं, बांधणी दोन महिन्यांत सुटते. मूळ किमतीच्या निम्म्यात 'नवीन, सीलबंद' हार्डबाउंड दिसलं तर हात आखडता घ्या.

मग परवडणारं काय उरतं? आपल्या शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात आयएसबीएन देऊन विचारा. मोठ्या प्रकाशनांची पुस्तकं वितरकामार्फत कधीकधी येतात, ड्युटीची कटकट त्यांची. छोट्या प्रकाशकांसाठी ड्राइव्हथ्रूआरपीजी या वेबसाइटचं प्रिंट ऑन डिमांड (मागणीनुसार एकेक प्रत छपाई): सॉफ्टकव्हर घ्या, वजन कमी, आणि साधी रंगीत छपाई टेबलावर वापरायला पुरते. पाथफाइंडर या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर अधिकृतपणे फुकट आहेत, डंजन्स अँड ड्रॅगन्सचा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली. म्हणजे गटातल्या सहाही जणांनी सहा प्रती मागवायची गरजच नाही, टेबलावर एक छापील पुरे.

आणि न्यू जर्सीहून गणपतीला येणारा मावसभाऊ असेल तर पुस्तकं त्याच्या घरी पाठवा. अमेरिकेतल्या अमेरिकेत पोच स्वस्त, आणि चार हार्डबाउंड म्हणजे पाच किलोच, २३ किलोच्या बॅगेत बसतात. फक्त फाशांचे बॉक्स सेट आणि पुठ्ठ्याचे जीएम स्क्रीन (खेळ चालवणाऱ्याने पुढे उभे करायचे पडदे) त्याच्या गळ्यात मारू नका. ते सामानात चेपतात, आणि सात फाशांचा संच इथेच मिळतो.