‘कामगारच निष्काळजी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोव्यातल्या बांधकामवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ८८ टक्के अपघात कामगारांच्या चुकीने होतात, हेल्मेट-बेल्ट देऊनही ते वापरत नाहीत, म्हणून दंड लावा, आणि स्वतःच्या चुकीने मेला तर भरपाई कसली? साइटवर काम करणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही.

८८ हा आकडा अमेरिकेत विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली मांडला. आधार होता विम्याच्या दाव्यांचा आणि कारखानदारांकडच्या नोंदींचा. आता सांगा, नोंद ज्याच्या हातात, तो ‘माझीच परांची कच्ची होती’ असे कशाला लिहील?

चुका होतातच. पण त्या कशा होतात ते बघा. वरच्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टवर, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, प्लायची शीट नुसती टाकलेली असते. खिळे नाहीत, कठडा नाही, खूण नाही. सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबच्या साच्याला, प्लाय कमी पडला म्हणून मुकादम खालून ओरडतो. पोरगा तीच शीट उचलून दोन्ही हातांनी छातीसमोर उभी धरतो. पायाखालचे दिसत नाही, आणि तो एक पाऊल पुढे टाकतो, थेट डक्टमध्ये. रिपोर्टात येते, ‘कामगाराचे दुर्लक्ष’. तीच शीट खिळे मारून पक्की केलेली असती आणि भोवती कठडा असता, तर तो वैतागून दुसरा प्लाय शोधायला गेला असता, इतकेच.

असे अनवधान दंडाने थांबत नाही. दंडाच्या भीतीने थोडक्यात हुकलेले अपघात मात्र कोणी सांगेनासे होते, आणि धोका कुठे आहे ते कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग बंद होतो.

बेल्टचे म्हणाल, तर तो अडकवायचा कुठे? वर लाइफलाइनच, म्हणजे बेल्ट अडकवायची पक्की दोरीच, नसेल तर कमरेला नुसते ओझे. हेल्मेटचेही तसेच. चराची माती अंगावर ढासळली तर ते काय करणार? एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाच्या पुढे जाते. पावसात भिजली की आणखी वाढते. म्हणूनच दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्या-टेकू द्यायचे असतात, आणि ते देणे चरात उतरणाऱ्याच्या हातात नसते. गोव्यातच काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले. तिथे कोणाच्या हेल्मेटने काय केले असते?

राहिला भरपाईचा मुद्दा. १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा स्पष्ट होता, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. कामगाराने दारू प्यायली होती, मुद्दाम नियम मोडला होता, असल्या सबबी मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मालकाला वापरता येत नाहीत. साधी चूक तर सबबीतच बसत नाही. ‘त्याचीच चूक होती’ असे ऐकून कर्नाटकात, झारखंडात मृतदेह घेऊन परतणाऱ्या घरच्यांना हे कोणी सांगत नाही. दाव्याची मुदत दोन वर्षे असते. तुमच्या ओळखीत असे घर असेल तर आजच सांगा.