खुलासा: कायाकमध्ये कोणालाही बांधू नका

‘पायांत ताकद नसलेल्या व्यक्तीला कायाकच्या (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीच्या) सीटला पट्ट्याने घट्ट बांधावे, म्हणजे ती पडत नाही,’ अशी सूचना व्हॉट्सॲपवर फिरते आहे. ती जिवावर बेतू शकते. कायाक उलटली की बांधलेला माणूस डोके खाली, पाण्यातच अडकतो. अंगातले लाइफ जॅकेटही त्याला वर आणू शकत नाही.

तोलासाठी उंच पाठीची सीट लावा, कंबरेच्या दोन्ही बाजूंना फोम भरा, आउटरिगर (होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्याने लावलेला तरंगता आधार) जोडा. फोम इतपतच घट्ट हवा, की नाव उलटताच माणूस आपसूक निसटेल. हे आधी छातीभर पाण्यात, सहाय्यक शेजारी उभा ठेवून, करून पाहाच. कंबरेखाली संवेदना नसेल तर बसायच्या जागी आणि टाचांखाली गादी घाला. ओल्या प्लास्टिकवर कातडी सोलवटली तरी त्या व्यक्तीला कळत नाही.