डायनामोचा जन्मदाखला

सासऱ्यांची १९६६ची अँबेसिडर मार्क टू माझ्या गळ्यात पडली, तेव्हा परभणीतल्या लोकांनी ठरलेलेच प्रश्न विचारले. चालते का, ॲव्हरेज काय देते आणि कितीला सोडता. वेगळा प्रश्न पुण्याहून आला. साडूभाऊंनी चहाही न घेता बॅगेतून टॉर्च काढला, दाताचे डॉक्टर वापरतात तसला काडीवरचा आरसा काढला, बॉनेट उघडलं आणि विचारलं, "डायनामो कधीचा?"

"गाडीचाच आहे की."

"ते नाही हो. त्याची तारीख बघितलीत का?"

जुनी गाडी मूळ रूपात आणणाऱ्यांना नुसती जुनी गाडी पुरत नाही. तिच्यातला प्रत्येक भाग मूळचा पाहिजे आणि त्याची साक्ष त्याच्याच अंगावर कोरलेली पाहिजे. लुकास कंपनीचा बॅटरी चार्ज करणारा डायनामो, सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, सगळ्यांवर बारीक आकडे ठोकलेले असतात. कुठं महिना नि साल, कुठं आठवडा नि साल. अमेरिकन गाड्यांचं आणखीच न्यारं. जनरल मोटर्सच्या इंजिनाच्या ओतीव ब्लॉकवर 'सी १४ ६' दिसलं की तो १४ मार्चचा, कारण सी म्हणजे तिसरा महिना. सहा म्हणजे ५६, ६६ की ७६, ते ज्याचं त्यानं शोधावं. इंग्लंडच्या ट्रिप्लेक्स काचेवर तर आकडाच नाही. नावातल्या अक्षरांच्या वर-खाली ठिपके, त्यावरून साल काढायचं. यापेक्षा कुंडली बरी, तिथं निदान दक्षिणा घेऊन कुणीतरी सांगतं.

"भाग गाडीच्या आधी जन्मलेला पाहिजे," साडूभाऊ म्हणाले, "पण फार आधी नको. काही आठवडे, फार तर काही महिने."

"मग गाडीचा जन्म कधीचा धरायचा? आर.सी. बुकावर तारीख आहे की."

"ती नोंदणीची. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर कधी पडली, ते बुकाला काय माहीत!"

मग रॉकेलचा बोळा आला. डायनामोवर तेल, धूळ आणि काळ्या मातीचा असा काही थर होता की त्यात हरभरा उगवला असता. साडूभाऊ पोटावर हात दाबून वाकले, आरशात बघत बघत घासत राहिले. आधी एक सहा दिसला. साडूभाऊ खुलले. त्याच्या शेजारी आठ निघाला. मागे अकरा. नोव्हेंबर ६८. गाडी ६६ची आणि डायनामो तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा!

"घुसखोर आहे," असं म्हणून ते मटकन ओट्यावर बसले.

मी मिस्त्री चाचांना बोलावलं. चाचांनी डायनामोला कान लावला, पुली फिरवली, म्हणाले, "चार्जिंग तो बराबर करता ना? फिर?"

साडूभाऊंनी त्यांना सगळं शास्त्र समजावलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात आकडे ठोकायचे पंच. "तारीख बोलो साब, ठोक देतूँ. नौ का पंच नै है, छे कू उलटा मारता मैं."

साडूभाऊ असे काही भडकले की विचारू नका. फसवणूक, इतिहासाशी बेइमानी, असं बरंच बोलले. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना केंद्रानं वेगळी नोंदणी दिली आहे, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार, हेही त्यांनी सुनावलं. मी तो नियम वाचला होता. चेसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, एवढंच तो म्हणतो. डायनामोच्या जन्मवेळेत सरकारला रस नाही. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

मला खरी गंमत वेगळीच वाटत होती. आमच्या भागात माणसाला तरी खरी तारीख कुठं आहे? कुणी रझाकारांच्या धामधुमीतला, कुणी बहात्तरच्या दुष्काळातला. शाळेत घालायच्या दिवशी गुरुजींनी पोराकडं एकदा बघितलं, १ जून लिहिलं, संपला विषय. म्हणून तर ३१ मेला प्रत्येक सरकारी कचेरीत निरोपाचे नारळ कमी पडतात. साडूभाऊही ३१ मेलाच रिटायर झालेले. माणूस पुण्याचा झाला, तरी मूळ गंगाखेडचं.

त्यांच्या आई लेकाला भेटायला आल्या होत्या. दाराशी बसून शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलं, "कशाची तारीख हुडकायलाय रे?"

"काही नाही, आई. खरी तारीख आणि खोटी तारीख."

"तुजी तरी कुठं खरी हाय? तू झालास तवा हुरडा चालू व्हता. थंडी मी म्हनत व्हती. मास्तर म्हनले जून लिवू का, म्या म्हनलं लिवा."

चाचांनी डब्यातून एकाचा पंच निवडला, हातोडी उचलली आणि अदबीनं विचारलं, "तो साब, इसपे बी एक जून मार दूँ क्या?"