प्रवास एक, तिकिटं तीन

आमच्या ओळखीच्या एक ताई ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला जातात. परवा ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटल्या. त्यांच्या छोट्या पर्सला तीन कप्पे आहेत. एकात बसचे सुट्टे, एकात लोकलचा पास, एकात शेअर रिक्षाच्या दहाच्या नोटा. म्हणाल्या, "रिक्षाचा कप्पा वीस तारखेपर्यंत पुरतो हो, मग स्टेशनवरून चालतच."

तेव्हापासून त्या कप्प्यांचाच विचार करतेय.

आपल्याकडे भाडं वाहनाचं लागतं, प्रवासाचं नाही. बसचा पहिला टप्पा सगळ्यात महाग, पुढे किलोमीटरमागे पैसे कमी होत जातात. म्हणजे एकाच बसने लांब जाणाऱ्याचा फायदा. वाहन बदललं की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात! आणि बदलावं कुणाला लागतं? स्टेशनजवळचं घर परवडत नाही म्हणून जी माणसं लांब गेली, त्यांनाच. लोकलचा पास इतका स्वस्त, पण तो स्टेशनच्या दारात संपतो. शेवटचे दोन किलोमीटर सगळ्यात महाग पडतात.

भाडं कधी वाढूच नये असं मी म्हणत नाही. ड्रायव्हर-कंडक्टरला वेळेवर पगार मिळायलाच हवा. पण मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं २०१९ मध्ये ५ रुपये केलं, वर्षानुवर्षं तसंच ठेवलं आणि मे २०२५ मध्ये एकदम १० केलं. दरवर्षी थोडं वाढलं असतं तर कुणाचा महिना कोलमडला नसता. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिक्षाचं मीटरही २३ वरून २६ वर गेलं होतं.

लंडनमध्ये २०१६ पासून एका तिकिटावर तासाभरात दुसरी बस पकडता येते. शिवाय दिवसाचं भाडं ठरावीक रकमेला पोचलं की पुढे पैसे कापत नाहीत. मला ही दुसरी सोय जास्त मोलाची वाटते. महिन्याचा पास काढायला एक तारखेला हातात एकरकमी पैसे लागतात, आणि रोजंदारीवाल्याकडे नेमके तेच नसतात.

ठाण्याची टीएमटी आणि नवी मुंबईची एनएमएमटी, दोन्ही बससेवा महापालिकांच्याच. रेल्वेला सोबत घ्यायला वेळ लागेल, मान्य. तोवर रबाळे स्टेशनबाहेरून शिफ्टच्या वेळी एमआयडीसीत पुरेशा छोट्या बस सोडा, आणि सकाळी घोडबंदरला काढलेलं टीएमटीचं तिकीट त्या बसमध्ये चालू द्या.