बीव्हरचा बंदोबस्त

तुमच्या ओढ्यात बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यावर बंधारे घालणारा उंदराच्या कुळातला प्राणी, आला असेल तर सर्वप्रथम त्याच्याकडे बांधकामाचा परवाना मागा. तो नसणारच. चेक प्रजासत्ताकात ब्रडी भागात असंच झालं. पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्याचा आराखडा २०१८ मध्ये तयार होता, पण जमिनीची बोलणी काही संपेनात. २०२५ उजाडेपर्यंत मूठभर बीव्हरांनी हव्या त्याच जागी बंधारे घालून टाकले. सुमारे तीन कोटी कोरुना वाचले. निविदा नाही, उद्घाटन नाही. वाचलेल्या पैशात कुणाचा वाटाही नाही! असली सवय लागू देऊ नका.

बंधारा फोडून उपयोग नाही, तो पुन्हा बांधेल. वाहत्या पाण्याचा आवाजच त्याला सहन होत नाही. स्वीडनमध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लार्स विल्सन यांनी ध्वनिवर्धकावर तो आवाज लावला, तर बीव्हर कोरड्यातही काटक्या रचायला लागले. आवाज ऐकून कामाला लागणारा कंत्राटदार तुम्ही पाहिलाय?

तेव्हा ओढाच सरळ करून सिमेंटचा करा. बीव्हरच्या तळ्यात पाणी रेंगाळतं, गाळ खाली बसतो, भूजल वर येतं, पुराचा लोंढा मंदावतो, उन्हाळ्यातही धार टिकते. बेडूक, बदकं, माशांची पिल्लं फुकटात मुक्काम ठोकतात. बुडून वाळलेल्या झाडांत सुतारपक्षी पोखरकाम काढतात. वणव्यातसुद्धा तो ओला पट्टा बऱ्याचदा हिरवाच राहतो. मग पंप, गाळ उपसायची यंत्रं आणि आग विझवणारी विमानं कुणी विकत घ्यायची?

दूर पाठवायचा असेल तर अमेरिकेतल्या आयडाहोचा कित्ता गिरवा. १९४८ मध्ये तिथे ७६ बीव्हर लाकडी खोक्यांत घालून पॅराशूटने डोंगरात उतरवले. एक दगावला, बाकीच्यांनी तिथेही संसार थाटला. म्हणजे हाही उपाय फसलाच म्हणायचा.

बैठकीत दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या तिएरा देल फुएगो बेटांचा दाखला मात्र आवर्जून द्या. १९४६ मध्ये अर्जेंटिनाने फरच्या धंद्यासाठी तिथे २० बीव्हर सोडले आणि त्यांच्या वंशजांनी जंगलंच्या जंगलं बुडवून वाळवली. हे अगदी खरं आहे. ते मुळात तिथले नव्हतेच, आणि तिथली झाडं कुरतडल्यावर बुंध्यातून सहसा फुटत नाहीत, हा तपशील गाळलात तरी चालेल.

कुणीतरी शहाणा सुचवेल की बंधाऱ्यातून पाइप घाला, त्याचं तोंड जाळीत ठेवा. पाण्याची पातळी ठरवता येते, बीव्हरला गळतीचा पत्ता लागत नाही, रस्ताही बुडत नाही. या माणसाला समितीवर घेऊ नका. घ्यावाच लागला, तर त्याचा प्रस्ताव अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांत ढकला.