तो मूलपेशींचा मेसेज पुढे पाठवू नका

‘मूलपेशींपासून प्रयोगशाळेत स्त्रीबीज तयार, आता दात्याची गरज नाही, ठाण्यातही सोय.’ घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज मीच टाकला होता. (मूलपेशी म्हणजे स्टेम सेल, ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात.) तो चुकीचा आहे. न तपासता पुढे ढकलला, माफ करा. शेजारच्या काकूंनी सुनेसाठी दवाखान्याचा पत्ता विचारला, तेव्हा कुठे शोधायला बसलो.

मूळ शोध खरा आहे, पण उंदरांवरचा. जपानमध्ये साइतो आणि हायाशी या संशोधकांच्या गटाने उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींपासून २०११ मध्ये शुक्राणू आणि २०१२ मध्ये स्त्रीबीजं मिळवली, पिल्लंही जन्मली. त्यासाठी पेशी काही काळ जिवंत उंदरात वाढवाव्या लागल्या. २०१६ मध्ये सगळा टप्पा काचेच्या बशीत जमला, तरी उंदराच्या गर्भातल्या अंडाशयाच्या पेशींची सोबत लागलीच. २०१२ चा निबंध ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात, २०१६ चा ‘नेचर’ या दुसऱ्या नियतकालिकात आहे, दोन्हींच्या शीर्षकातच उंदीर आहे. (मी शीर्षकसुद्धा वाचलं नव्हतं!)

माणसाच्या मूलपेशींपासून मात्र जननपेशींच्या (म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणूंच्या) अगदी सुरुवातीच्या अवस्थाच मिळाल्या आहेत. असा उपचार ठाण्यात काय, जगात कुठेच मिळत नाही.

कोणी त्यासाठी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका. जुना मेसेज ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.